दाराजवळचा कोपरा

४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. वहिनीची पाठ आता बरी आहे हे वाचून जिवात जीव आला. मी मजेत आहे. खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही, घरमालकीण अजून "उद्या माणूस येतो" म्हणते आणि मी अजून फटीत जुने मोजे कोंबून झोपते. घरातल्या एकुलत्या एका डॉक्टरची ही दशा! तू म्हणशील, तापावरची गोळी सांगता येत नाही आणि म्हणे डॉक्टर.

नाट्यगृहातल्या मंडळींनी "तुमची बहीण नेमकं करते काय?" असं विचारलं की काय सांगायचं, असं तू विचारलंयस. सांग, की ती बोटाएवढे धातूचे दांडे बनवते आणि तोडते. पिठासारखी बारीक धातूची पूड पसरायची, हवी तेवढीच लेझरनं वितळवायची, वर पुन्हा पूड, पुन्हा लेझर. असे थरावर थर चढत अख्खी वस्तू उभी राहते, साचा लागत नाही. मग तो दांडा यंत्राच्या दोन पकडींत धरायचा आणि तुटेपर्यंत ताणायचा-सोडायचा, ताणायचा-सोडायचा. किती दम धरतो ते बघायचं. वहिनी तुझ्याबरोबर इतकी वर्षं हेच करत आली आहे, फक्त आम्हाला त्याचा पगार मिळतो.

जावयाची खबरबात वाचून हसले. नव्या पायाला तू जावई म्हणायला लागलास तेव्हा वहिनी किती चिडली होती! आता तीच त्याला रोज पुसून, मोजा चढवून खुर्चीवर बसवते म्हणे. ट्रकनं तुझा डावा पाय नेल्यावर तो पहिला जड पाय ओढत तू घरातल्या घरात फिरायचास, नाट्यगृहाचं नाव काढलं की विषय बदलायचास. आणि आता पुन्हा शिडीवर चढून दिवे लावतोस. या पायाचा घोटा आमच्या प्रयोगशाळेत बनलाय हे तू चहावाल्यापासून नटांपर्यंत सगळ्यांना ऐकवतोस. ते जरा कमी कर. "बहिणीनं वशिला लावला" हेही सांगत फिरू नकोस. पूड वितळवणाऱ्या यंत्राच्या तबकावर मधली सगळी जागा एका कारखान्याच्या मालानं अडवली होती, मी विनवण्या करून यंत्राच्या दाराजवळचा एक कोपरा तुझ्यासाठी मिळवला, एवढंच.

शिडीवरून आठवलं. घरातला दिवा बदलताना तू वर आणि मी खाली शिडी धरून, एका हातात गोष्टीचं पुस्तक. दर दोन मिनिटांनी तुझं सुरू व्हायचं, "खारू, धरलीस का?" आणि मी पान उलटत म्हणायचे, "धरलीय!"

हो, एक राहिलंच. तो घोटा जरा इकडे पाठवून दे. नवीन पद्धतीचं पॉलिश आलंय, ते करून देते. घाई अशी नाही, पण या आठवड्यात पाठवलास तर बरं. सोबत खोकं पाठवतेय. तोवर जुना पाय वापर. आणि शिडीवर जरा जपून. किंवा चढूच नकोस ना, हाताखालची पोरं काय करतात? सहज म्हटलं.

वहिनीला नमस्कार.

मोजे कोंबून झोपणारी डॉक्टरीण,
खारू

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझी चिठ्ठी आली, रिकामं खोकं माळ्यावर टाकलंस हेही कळलं. "जावई एकदा घरात आला की परत पाठवत नाहीत, आणि नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होईपर्यंत तर मुळीच नाही." वाचून मला हसू आलं नाही. सगळ्याच गोष्टींची थट्टा करतोस. पॉलिश वेळेवर झालं नाही तर आतून गंज चढतो, कळलं? मग मला बोल लावायचा नाही.

काल फोन केला होता. वहिनीनं उचलला. म्हणाली, "ते शिडीवर आहेत गं, मी डबा द्यायला आलेय. हाक मारू का?" मी म्हटलं, नको, काम करू दे. मग आम्ही माझ्या खिडकीबद्दल बोललो.

माळ्यावरून खोकं काढ, म्हणजे वहिनीला काढायला सांग. तू माळ्यावर चढू नकोस. घोटा सुटा करत बसू नकोस, आहे तसा पाय भर आणि पाठव. दादा, मी कधी काही मागत नाही.

माझ्या जेवणाची चौकशी केली होतीस. जेवते.

तुझी,
खारू

१९ नोव्हेंबर

दादा,

पाय पोचला. मी खोकं प्रयोगशाळेत उघडलं, दोन-तीन जणांच्या समोर. तू बूटही काढला नव्हतास. बुटाला पॉलिश केलेलं, नाडीची सुबक गाठ, आणि आत तुझी चिठ्ठी: "घ्या डॉक्टरीणबाई. रडतेस म्हणून पाठवतोय. चमकव किती चमकवायचा तो, पण हाच परत दे, बदलून देऊ नकोस. सवय झालीय त्याची." शेजारचा कुणीतरी म्हणाला, "अरे वा, पेशंट आला वाटतं!" सगळे हसले. मीही हसले, आणि मग हात धुवायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पॉलिशबिलिश काही नाहीये. या धातूला गंजही चढत नाही. मी तुला फसवून पाय मागवला.

आता सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा खिडकीबद्दल लिहीत बसेन.

आमच्याकडे एक नियम आहे. दांडा जर पकडीतच तुटला, तर तो मोजायचा नाही. पकडीचे दात त्याला चावलेले असतात, म्हणून तो तिथे तुटतो. त्यात दोष पकडीचा, धातूचा नव्हे. नियम योग्यच आहे, जगभर पाळतात. तुझा घोटा बनायच्या आधी त्याच पुडीच्या यंत्रावर बनलेले दांडे मी तोडत होते. बहुतेक दांडे झकास टिकले. काही मात्र फार लवकर गेले. मी बघितलं, तर ते पकडीच्या जवळ तुटले होते. जवळ, आत नव्हे. नखभर बाहेर. मी "पकडीत तुटला, बाद" असं लिहिलं आणि डब्यात टाकलं. पहिल्या वेळी मन जरा कचरलं. नंतरच्यांना मी वाकून बघितलंसुद्धा नाही.

का, ते विचारशील. पाय बसवणारे काका म्हणाले होते, तुमचा अहवाल आल्याशिवाय हा घोटा मी कुणालाही लावणार नाही. आणि तू रोज विचारायचास, "झालं का गं?" पण तुझ्यासाठी केलं असं म्हणून मी सुटणार नाही. बाद दांडे वगळले की माझा आलेख इतका देखणा दिसत होता, दादा! मला तो परिषदेत दाखवायचा होता. दाखवलाही. टाळ्या पडल्या. तुला फोन करून सांगितलं होतं ना, ते हेच.

महिन्याभरापूर्वी माझ्या शोधनिबंधाच्या परीक्षकाचं साधंसं पत्र आलं: बाद केलेल्या दांड्यांचे फोटो जोडावेत. दुसऱ्या कुणी ते केव्हाच फेकून दिले असते. पण मी पेन्सिलींचे तुकडेही साठवणारी, खारू हे नाव तूच ठेवलंस. डबा उघडला. तुटलेली तोंडं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. प्रत्येकात बारीक बारीक भोकं, आणि भोकांत न वितळलेली पूड तशीच बसलेली. मग कुठला दांडा तबकावर कुठे उभा होता ते ताडून पाहिलं. सगळे कडेचे होते. पूड वितळताना धूर निघतो, तो पंखा ओढून घेतो, पण दाराच्या बाजूला धूर रेंगाळतो. लेझर तिथे मंद पडतो आणि थर एकमेकांना धड चिकटत नाहीत.

दाराजवळचा कोपरा, दादा. मीच विनवण्या करून तुला मिळवून दिलेला.

हे कळलं तेव्हा मला एवढंच करायचं होतं, की फोन उचलायचा आणि म्हणायचं, "दादा, पाय काढ." तीन शब्द. पाचवीतल्या पोरीलाही जमले असते. त्याऐवजी मी पॉलिशची गोष्ट रचली, छानसं खोकं निवडलं आणि हसतखेळत पत्र लिहिलं. तुला कळू न देता सगळं निस्तरता येईल असं मला वाटलं. ज्या दिवशी वहिनी म्हणाली की तू शिडीवर आहेस, हाक मारू का, त्या दिवशी मी नको म्हटलं. तू खाली आला असतास तर मला सांगावं लागलं असतं. तू वर राहिलेला मला चालला. दांड्यांचं मी एक वेळ चूक म्हणेन. या गोष्टीला माझ्याकडे शब्द नाही. वहिनीच्या तोंडाकडे मी कशी बघणार आहे?

परवा तुझा घोटा क्ष-किरणांखाली ठेवला. आत एक भोक आहे आणि त्या भोकापासून केसासारखी एक चीर निघालीय. अर्ध्यापर्यंत पोचलीय. किती दिवस टिकला असता? हेच सांगणं माझा विषय आहे आणि मला सांगता येत नाही. वर्षभर टिकला असता, किंवा पहिल्या प्रयोगाच्या दिवशी गेला असता, तू वर असताना.

पाय माझ्या हातात आला होता. आता गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. नवा घोटा करून, तोच म्हणून तुला पाठवला असता. खरं सांगते, एक अख्खा दिवस मी हाच विचार केला. पण माझ्याच अहवालाच्या भरवशावर काकांनी आणखी लोकांना असे घोटे लावलेत. तबकावरची एकही जागा वाया न घालवता बनवलेले, कडेचेसुद्धा. त्यांना मी ओळखत नाही, आणि पॉलिशची थाप मारून त्यांचे पाय मागवता येत नाहीत.

म्हणून काल प्रयोगशाळेच्या मुख्य सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. सर बराच वेळ दांडे उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही बघितलं होतं ना हे?" मी हो म्हटलं. "मग?" शोधनिबंध मागे घेतलाय. नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. काकांना मी स्वतः फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फक्त म्हणाले, "ठेवा आता, मला माणसांना फोन करायचेत." काल संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्यांना गाठलं. सगळे उभे आहेत, म्हणजे धडधाकट आहेत. हे त्यांनी मला एका ओळीत कळवलं आणि खाली नाव लिहिलं नाही.

तुझा नवा घोटा दुसरीकडे बनेल, अखंड धातूतून कापून. जरा जड असेल. मी त्याच्या जवळपासही जाणार नाही. तोवर जुना पाय घाल आणि खालूनच पोरांवर ओरड.

आता मागणं. तू लिहिलंस, हाच परत दे. देता येणार नाही. चीर कुठून निघाली आणि कशी पसरली हे बाकीच्यांच्या घोट्यांसाठी कळायला हवं, त्यासाठी हा कापावा लागेल. तो तुझा आहे, तुला विचारल्याशिवाय मी त्याला करवत लावू देणार नाही. उद्या मी फोन करेन. वहिनीनं उचलला तरी तुला हाक मारायला सांगेन, तू कुठेही असलास तरी. एकदा ट्रकनं तुझा पाय नेला, तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर तुझा एक बूट मांडीवर घेऊन बसले होते. आताही एक बूट माझ्या टेबलावर आहे, नाडी मला सोडवत नाहीये.

तू अजूनही मला खारू म्हणशील का, माहीत नाही. नाही म्हणालास तरी फोन ठेवू नकोस, आधी पायाचं हो-नाही सांग. आणि लोकांना माझं कौतुक सांगत होतास ना, त्यांनाही खरं काय ते सांग.

लहानपणी तू वरून विचारायचास, "धरलीस का?" आणि मी पुस्तकातून डोकं वर न काढता "धरलीय" म्हणायचे. तू एकदाही खाली वाकून बघितलं नाहीस.

धरली नव्हती, दादा.

खारू