न्हाणीघरातलं प्रवचन

अगं,
तू ड्यूटीवर गेलीस आणि मला न्यायला गाडी दोन तास आधीच आली. दूध तापवलंय. गॅस तीनदा बघितला.

सकाळी न्हाणीघरात मी "घाबरू नकोस, देव आहे" म्हणत होतो, तेव्हा तू बाहेरून ओरडलीस, "मी कुठे घाबरलेय?" मी म्हटलं, आघाडीवर जवानांना द्यायच्या प्रवचनाची तालीम चाललीय. पलटणीचा धर्मगुरू असून मी धडधडीत खोटं बोललो. शंभर जवानांना "नकोस" कोण म्हणतं? आरशात एकटाच होता.

न जायची सोय होती. पण पोरांना पुढे धाडून इथे कसला देव देव करू?

देवाचं उत्तर यायला वेळ लागतो, तुझं लगेच येतं. मी परतेपर्यंत रोज सकाळी न्हाणीघराच्या दारावर थाप मारून तेवढं "मी कुठे घाबरलेय?" ओरडत जा.