मलरच्या अप्पांना दिलेला शब्द

४ नोव्हें., मंगळ.
मलर वर आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात आली. खालच्या क्लिनिकात नर्स आहे, उत्तर श्रीलंकेतली तमिळ. गावी तिचे अप्पा सिद्ध वैद्य, म्हणजे जुन्या तमिळ पद्धतीचे. युद्धात गाव उठलं होतं, आता परत वसलंय. इथले, आखातातले पाहुणे तिथे न्यायचे, ही सहल माझीच कल्पना. अप्पा नाडी पहाटे उपाशीपोटीच बघतात, म्हणून पाहुणे रात्री गावातच राहणार, बायका रांधणार. खोल्यांना चुना लावून झालाय म्हणाली. अप्पा विचारतायत, अरब पाहुण्यांना शेवग्याचा पाला चालेल का?

६ नोव्हें., गुरु.
निलेशला पुन्हा विचारलं, सहलीचं फायनल कधी. मालक माझा, पण दरवर्षी राखीही माझ्याकडूनच बांधून घेतो. "इंशाल्ला," म्हणाला. वर न बघता. त्याचं इंशाल्ला म्हणजे बहुधा नाहीच.

१० नोव्हें., सोम.
जाहिरात आली. गाव नाहीच! श्रीलंकेच्या पार दक्षिणेला समुद्रकाठचं हॉटेल. दुपारी जेवणं झाल्यावर कुणीतरी पगारी माणूस नाडी बघणार. आणि व्हिडिओ अप्पांचा, मी काढलेला. कॅमेऱ्यासमोर ते कधी औषध कुटत नाहीत, पाहुणे गावातच आणीन असा शब्द मी दिला, म्हणून हो म्हणाले होते.
केसाने गळा कापला मेल्याने.
निलेशशी भांडले. गावात एसी नाही, क्लायंट टिकणार नाही म्हणे. व्हिडिओ तरी काढून टाक म्हटलं, तर म्हणे खलास, सगळीकडे पाठवून झालंय. वर साळसूदपणे, "मलरला तूच सांग. तुझं ऐकते ती."
राजीनामा तोंडावर फेकला असता. पण व्हिसा त्याच्याच कंपनीचा. भाऊ म्हणे! बाथरूममध्ये जाऊन रडले.

१२ नोव्हें.
मलरचे दोन मिस्ड कॉल. कसं सांगू, काय

१४ नोव्हें., शुक्र.
सकाळीच मलर माझ्या घरी आली, इथे नईम भागात. जाहिरात बघितलीय तिने. बस म्हटलं, बसली नाही.
"अक्का, तुम्हाला माहीत होतं?"
नाही म्हटलं. खरंच नव्हतं. तिला पटलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळेना.
तिने तिथेच अप्पांना फोन लावला, स्पीकरवर. मला तमिळ येत नाही, पण म्हातारा खुशीत होता हे कळलं. शेजारणींनी नव्या चटया विणल्यात, असं मलरने सांगितलं. पाहुणे कधी निघतायत, विचारतायत.
मग फोन माझ्यापुढे धरला.
"तुम्ही हिंदीत बोला, अक्का. मी अप्पांना जसंच्या तसं सांगते."