तीनच मागायचे होते

तिरोडा, रविवार, फेब्रुवारी २००७

आज मी पैसे मागितले. मी! अजून हसूच येऊन राहिलं आहे.

शेजारचे तुळशीरामकाका घरावर मजला चढवत आहेत. महिन्याभरापासून त्यांचे बांबू आमच्या अंगणात रोवलेले, आणि वरून सिमेंट पडून पडून न्हाणीची भिंत पार खराब झाली. हे नोकरीसाठी नागपूरला. फोनवर म्हणतात, "जाऊ दे, मोठं माणूस आहे." काऊन जाऊ दे? तीन हजार मागायचे ठरवलं. तांदूळ निवडताना दहादा घोकलं, तीन हजार, तीन हजार.

काका चहाला आले आणि माझ्या तोंडातून निघालं, "चार हजार."

"चार? कायले? शेजारधर्म काही आहे का नाही?"

जीभ चावली. पण आकडा तर बाहेर पडला होता. म्हटलं, "आहे ना काका. म्हणून तर तुमच्याशी बोलून राहिली, नाहीतर नगरपरिषदेत गेली असती."

काका कितीतरी वेळ बशीतला चहा फुंकत बसले. मी घाबरून गप्प. माझं गप्प बसणं त्यांना हट्ट वाटला की काय? शेवटी म्हणाले, "तीन देतो. भिंतीले प्लास्टरही करून देतो. आता तरी हास, पोरी."

हसलेच मी! पैसेही त्यांनी लगेच आणून दिले.

संध्याकाळी यांना फोनवर सांगितलं. हे चाटच पडले. "पण आपल्याकडून बोललं कोण?"

"मीच," म्हटलं. नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. मीही पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.