साखळीचा संडास अन् तुंबडी

४ नोव्हेंबर १९६३, सोमवार. दिग्रस

आज पुन्हा दोनदा उगाच साखळी ओढली. सून सुमन म्हणे, "आई, पाणी काय फुकटचं आहे?" आता काय सांगू तिले. वरच्या लोखंडी टाकीतून धाडकन पाणी येते, सगळं घेऊन जाते, मले हसूच येते. पोरगी होती तेव्हा वावराच्या धुऱ्यावर जायची, लग्न होऊन आली तं मागच्या बोळातला टोपलीचा संडास. अन् आता दात पडल्यावर हे सुख! शेजारची कमल पाहाले आली. तिले बी ओढू देली. ते पाणी आलं अन् बाई लुगडं सावरत अंगणात पळाली. पोट दुखेपर्यंत हसलो.

पण एक आहे. टाकी भरली की चूप बसायची. आज सकाळपासून टिप टिप सुरूच. तिकडेच कान.

६ नोव्हें., बुधवार

टिपटिप कायची, धारच. छतावरच्या मोठ्या टाकीतलं सगळं पाणी वाहून गेलं. वसंता (आमचा पोरगा, त्यानंच हा संडास बांधला, नागपूरले पाहून आला होता) सकाळभर हातपंप मारून ती भरून राह्यला, घामाघूम.

जिनातला, सरकी काढाच्या कारखान्यातला, करीम मिस्त्री आला. स्टुलावर चढून झाकण काढलं. मी खालून विचारून राह्यली, आत काय आहे गा, काय आहे. तो म्हणे, "आजी, तुम खुदच देख लो." चढली! हे ओसरीतून ओरडले, "उतर, कंबर मोडशीन!" आत पाहतो तं काहीच नाई. एक तांब्याचा पोकळ गोळा, दांडीले लावलेला. पाणी वर आलं की गोळा वर येते, दांडी नळाचं तोंड दाबते, पाणी बंद. बस, एवढंच. मले वाटलं होतं काय काय मशीन असन.

गोळ्याले बारीक भोक पडलं, पोटात पाणी शिरलं, तो बुडून बसला. नळाच्या तोंडातलं चामड्याचं वायसर बी कुजलं. करीमनं जुन्या जोड्यातून नवं कापलं. हे म्हणे, "चामडं? पाण्यात?" म्हटलं, आपल्या विहिरीची मोट मंग कायची होती?

गोळ्याले डाग देऊन आणतो म्हणे करीम.

८ नोव्हें., शुक्रवार

डाग देलेला गोळा बसवला. डाग इतका जाड बसला की गोळा आता अर्धा बुडते, नळ दाबतच नाई. करीमले स्वतःलेच हसू आलं, "ये तो पहलवान हो गया, आजी." नवा गोळा नागपुरातच भेटते. वसंतानं ओळखीच्या माणसाले निरोप धाडला. कधी येईन... तोवर वरचा नळ बंद. बादलीनं ओता.

टाकीच्या आवाजाची सवय झाली होती. आज घर मुकं वाटते.

११ नोव्हें., सोमवार

बादली कोणी पुरती ओतत नाई. वसंताचे पोट्टे एक लोटा टाकतात अन् पळतात. हे बी तसेच, मोठे झालेले पोट्टे. मागून जाऊन मीच ओततो, खांदे गेले. आज तुंबलाच. वास ओसरीपर्यंत. सुमननं नाकाले पदर लावूनच वाढलं.

जेवताना वसंता म्हणे, "नवा गोळा येईपर्यंत मागचा टोपलीचा चालू करू. गंगूले सांगतो."

माह्या हातातला घास तसाच राह्यला. गंगू म्हणजे बोळातून येऊन फळीचं दार उघडायची, टोपली काढून डोक्यावर घेऊन जायची. तिची सासू बी तेच करे. पावसाळ्यात तं अंगावर सांडायचं, मी खिडकीतून पाहत होती अन् खिडकी लावून घेत होती. साखळीचा संडास झाला त्या दिवशी मीच तिले म्हटलं, गंगू, आता या दारात तुले यायचं काम नाई. ती मले नुसती पाहतच राह्यली होती. मंग तिनं बाकीची घरं बी सोडली, जिनात सांडलेली रुई झाडायच्या कामाले लागली. सकाळचीच पाळी. इथं आली तं तिथलं गेलं.

"अन् माह्या शब्दाचं काय?"

"आई, चार दिवसाची तं गोष्ट आहे."

हे म्हणे, "संडासात कायचा शब्द धरून बसली." ताटावरून उठली मी. भाजी चांगली झाली होती, वांग्याची. तशीच टाकली.

१२ नोव्हें., मंगळवार

सकाळीच बोळातली फळी वाजली. खिडकीतून पाह्यलं तं गंगू. टोपली, राख, नाकावर पदर. वसंतानं मले न सांगता निरोप धाडलाच होता.

"बाई, बोलावलं काय?"

"मी नाई बोलावलं. जाय तू, जिनात जाय."

हलेच ना. मंग म्हणे, "तुमी आज जाय म्हणता, मालक उद्या ये म्हणतीन. एकदाच काय ते सांगून टाका न बाई. तिथं रोज रोज उशिरा गेलं तं दुसरीले ठेवतीन."

जाय म्हटलं, बस. गेली.

मंग वसंताच्या रागानं चार भरल्या बादल्या एकामागं एक ओतल्या, तुंबलेला संडास मोकळा केला. या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरून राह्यली. ज्वारी निवडाले घेतली, खडे सुपात अन् ज्वारी खाली.

१४ नोव्हें., गुरुवार

सापडलं! सापडलं बाप्पा!

धान्याच्या खोलीत तूर पाहाले गेली. वर आढ्याले बियाण्याच्या तुंबड्या टांगलेल्या, वाळून खडखड झालेल्या. पाहता पाहता माहेर आठवलं. उमरखेडकडचं, पैनगंगेच्या काठचं. आम्ही पोरी कमरेले वाळला भोपळा बांधून पोहाले शिकलो. पाण्यात दाबा, हाताखालून उसळी मारून वरच. भावानं एकदा मधातच गाठ सोडली होती, मी रडून गाव गोळा केलं. मेला कुठचा! आता आजोबा झाला तो, अजून सांगते साऱ्यांले.

सगळ्यात लहान तुंबडी काढली. करीमले बोलावलं.

"आजी, मजाक करते क्या?"

"बादलीत बुडवून पाहाय."

त्यानं बुडवली. सोडली. टप्पकन वर. पुन्हा बुडवली. मंग पिशवीतून तार काढली. देठाचं भोक लाखेनं बुजवलं, वरून बी लाख फिरवली, तारेच्या जाळीत बसवून दांडीले आवळली.

हे आले पाहाले. "ज्या तुंबडीची एकतारी होते, ती तू संडासात घालते?"

म्हटलं, एकतारी वाजवाले बी पोट साफ लागते. करीम स्टुलावरून पडता पडता राह्यला.

१६ नोव्हें., शनिवार

चालते! पाणी भरलं, तुंबडी डुलत डुलत वर आली, धार बारीक झाली, टिप, टिप, अन् बंद. मी अन् सुमन वर मान करून उभ्या. मंग तिनंच साखळी ओढली. उगाच!

कमल म्हणे, आता भोपळा खाताना मले तुमचा संडास आठवन. आठवू दे.

वसंता म्हणे, "ठीक आहे, पण हे टिकणार नाई." म्हटलं, तू बी लहानपणी टिकतो की नाई वाटत होतं.

१९ नोव्हें., मंगळवार

करीम पाहून गेला. लाखेले एका जागी तडा. तुंबडी जराशी भिजली, रंग काळपट. तो म्हणे, लाख परत चढवू, पण आखिर सब्जी है आजी, पानी पिएगी. बाकीच्या तुंबड्या मोठ्या, टाकीत मावत नाईत. नागपूरच्या गोळ्याचा पत्ता नाई.

दर घडी जाऊन कान देतो. हे म्हणतात, "आत कोणी आजारी आहे काय?"

वसंताले म्हटलं, बोळातलं दार बुजवून टाकू. तो म्हणे, "राहू दे न, वेळ पडली तं?"

वेळ पडली तं. हेच तं गंगू म्हणत होती.

२१ नोव्हें., गुरुवार

वसंता कापसाच्या कामानं महागावले गेला. सकाळची बस. ती गेली अन् मी गवंडी बोलावला.

हे म्हणे, "वसंताले विचारलं काय?"

"नाई."

मले वाटलं आता बोंबलतीन. बसले ओसरीवर. थोड्या वेळानं उठून विटांवर पाणी माराले गेले, म्हणे गवंडी कोरड्याच लावून राह्यला, अशी भिंत राहत नाई. यांले कोणी सांगितलं होतं? पण गेले.

फळी उखडली. मागं इतकी वर्षं त्या दारात मी कधी उभीच राह्यली नव्हती. किती बुटकं आहे. बसूनच आत हात घालावा लागत असन तिले.

दुपारी भिंत झाली, ओली. गवंडी जेवाले गेला. जिनातली पाळी सुटून गंगू बोळातून चालली होती, केसात रुई अडकलेली. थांबली. इकडे तिकडे पाह्यलं अन् भिंतीले पूर्ण पंजा लावला. आमच्या घराच्या भिंतीले तिनं हात लावल्याचं मले तं आठवत नाई.

"वाळते काय बाई? का उद्या फोडता?"

"वाळू दे तं खरी," म्हटलं.

तिनं हात पदराले पुसला अन् गेली. हसली की नाई, पाठमोरी होती.

वसंता संध्याकाळच्या बसनं येईन. मी तिथंच बोळात उभी. आत टाकीचं पाणी थांबलं की वाहून राह्यलं, भिंतीच्या या बाजूनं आता काहीच आयकू येत नाई.