चुकलेल्या नेमाचा शर्ट

डेट्रॉइट, ८ नोव्हेंबर १९५८

चि. रेइनो यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

बाबांसाठी लाल कोट पाठवते आहे, रानात लांबूनही माणूस म्हणून ओळखू यावेत. हरणांचे नर माजावर आले की बाबाही कसे बेचैन होतात, ठाऊक आहे ना? त्यात तू! तिशी आली तरी पान हललं की बंदूक खांद्याला. कोटाशिवाय त्यांना रानात जाऊ देऊ नकोस. डांबरगोळ्यांचा वास येतो म्हणून कुरकुरतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुमची काळजी वाहणारी,
आइली

शिकारीची झोपडी, १६ नोव्हेंबर

ती. आइलीताईस, रेइनोचा सा. न. वि. वि.

कोट पोचला. नर खाणंपिणं सोडून माद्यांमागे धावताहेत, जागोजागी जमीन उकरून ठेवलीय. माझाही पाय ठरत नव्हता. काल सकाळी दलदलीपलीकडे शिंगांवर शिंगं आपटल्याचा आवाज आला. दोन नर झुंजताहेत असं वाटून वाकत वाकत गेलो. तपकिरी काहीतरी हललं आणि मी चाप ओढला.

ताई, ते बाबा होते. ओढ्याकाठची ठरलेली जागा सोडून, जुनी शिंगं आपटून नराला बोलावत होते. तुझा कोट वास जावा म्हणून झोपडीबाहेर फांदीवर टांगलेला. गोळी लागली नाही, देवाची कृपा.

बाबा हसतच आले. म्हणाले, एवढा मोठा नर त्यांच्या मागून निसटला आणि माझा नेम चुकला. नेम चुकला की शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, कापायचं हा शिकाऱ्यांचा रिवाज; संध्याकाळी झोपडीतल्या सगळ्या शिकाऱ्यांसमोर माझं कापून भिंतीला ठोकलं. केवढा होता, असं सगळे विचारत होते. मोठा होता, एवढंच म्हणालो.

नर नव्हताच गं. बाबांना सांगायचं धाडस होत नाही, बंदूक हातात धरवत नाही. काय करू ते लिही.

तुझ्या मायेचा,
रेइनो

२३ नोव्हेंबर

चि. आइलीस, बापाचे आशीर्वाद.

रेइनोने तुला कळवलं असणारच, त्याच्या पोटात काही राहत नाही. मलाही ठाऊक आहे. गोळी माझ्या टोपीच्या वीतभर वर झाडात घुसली होती, मी चाकूने कोरून काढली. पण पोराचा चेहरा पाहिला आणि नसलेला नर तोंडाने उभा केला. जागा मी सोडली, कोट मी काढला, चूक माझी. त्या भिंतीवर माझ्याही शर्टाची चार शेपटं आहेत.

हे पत्र त्याला वाचायला पाठव. तोंडाने सांगणं मला जमायचं नाही.

शिंगं दलदलीत फेकली. कोट आता अंगातून काढत नाही. वास तसाच आहे, एकही हरीण जवळ फिरकत नाही. रेइनो मात्र हातभर अंतरावरून हलत नाही.

माया आहेच, तशीच राहू दे.
तुझा बाप