बाथटबमधली बिअर

चँडलर, २२ जून

प्रिय वसुधा,

मी ठीक आहे. बीपीची गोळी चुकत नाही. शेजारच्या विनीताकडून हे पत्र वाचून घेऊ नकोस. डोळ्यांत थेंब घालून झाले की स्वतःच वाच, सावकाश. तुझ्यासाठी मोठ्या अक्षरांत लिहिलंय. इथल्या नीलांबरीताई नागपूरला निघाल्यात, त्यांच्या हाती देतोय. फोनवर बोलायचं तर अमेय शेजारीच असतो.

तुला हसू येईल की राग, माहीत नाही, पण आपला अमेय घरी बिअर करतो. मागची त्याने गॅरेजमध्ये ठेवली होती. इथलं वाळवंटातलं ऊन आपल्या मे महिन्यालाही मागे टाकतं. ती इतकी तापली की नेलपॉलिशसारखा वास सुटला, सगळी ओतून द्यावी लागली. म्हणून या वेळी पिंप बाथटबमध्ये आहे. टबात पाणी, पिंपाला गुंडाळलेला ओला टी-शर्ट, समोर पंखा, आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या. वितळल्या की बदलायच्या.

"घरात एसी आहे ना?" मी विचारलं.

"बाबा, यीस्ट काम करताना स्वतःच गरम होतं. खोलीपेक्षा आत जास्त तापतं. सुरुवातीचे काही दिवस वीस अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, मग टेन्शन नसतं."

मी त्या बाथरूमकडे फिरकत नव्हतो. दारूच्या बाबतीत माझं तुला माहीतच आहे.

शिवांगी ऑफिसच्या कामाने सिअॅटलला गेलीय, असं मी तुला दोनदा सांगितलं. मलाही तसंच सांगितलं होतं. पण त्या दोघांच्या कपाटातला तिचा अर्धा भाग रिकामा आहे. अमेय दिवसभर लॅपटॉपसमोर असतो, आणि उठला की बाथरूमच्या फरशीवर बसून थर्मामीटर बघत राहतो. नीट झोपतच नाही.

रविवारी जेवल्यावर तो सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला. तोंड उघडं, लहानपणी झोपायचा तसा. मला उठवावंसं वाटेना. जाऊन पाहिलं तर आकडा वीसच्या पुढे सरकलेला, बाटल्यांत नुसतं पाणी. मग मीच फ्रीझरमधून नव्या आणल्या, टी-शर्ट परत भिजवला. हो, मी. आतून बुडबुड आवाज येत होता. तिथेच स्टूल टाकून बसलो.

उन्हं उतरल्यावर तो धावत आला. "बाबा, बाटल्या..."

"बदलल्यात. एकोणीसवर आहे."

तो दारातच थांबला. आकड्याकडे पाहिलं, माझ्या भिजलेल्या पँटकडे पाहिलं आणि खाली बसला.

"शिवांगी परत येणार नाहीये. मार्चमध्येच गेली. भांडण वगैरे नव्हतं, बाबा. तिला हे लग्नच नको होतं आता." मग म्हणाला, "आईला कसं सांगू?"

"मी सांगतो," म्हटलं. तेव्हा तो रडला. मी पाठीवर हात ठेवून बसलो.

म्हणून सांगतोय. शिवांगीच्या आईला फोन करू नकोस. तुला राग येईल, तिचा, त्याचा, आणि शंका असूनही तुला सिअॅटलचंच सांगितलं म्हणून माझाही. सगळा माझ्यावर काढ. अमेयशी बोलताना 'काय झालं' विचारू नकोस, 'जेवलास का' एवढंच विचार. बाकीचं तो सांगेल.

परतीचं तिकीट मी पुढे ढकललंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं की तूही निघून ये.

वाट पाहतोय, दोघेही.

तुझा,
प्रल्हाद