राजा कुणाचं ऐकत नाही

रवि. २ मार्च
चौथी तालीमही फुकट. जयंताला ग्रीक शोकांतिकेचा नायक कळलेलाच नाही. पठ्ठ्या पहिल्या प्रवेशापासून रडतो! म्हणे, "काका, ऑडियन्सला सिंपथी वाटायला हवी ना?" अरे, राजा भला आहे, हुशार आहे आणि कुणाचं ऐकत नाही. हे तिन्ही एकदम दिसायला हवं. नशीब मागाहून येतं. वर हा वाक्यं गिळतो. पहिल्या रांगेत बसून मला शेवटचे शब्द ऐकू येत नाहीत.

रवि. ९
जयंताला काढला. सगळ्यांदेखत. "दात उपटायचा धंदा आहे ना, तोच कर." जरा जास्त झालं. असो. राजा मीच करणार. मंडळाच्या अध्यक्षीणबाई: "अहो, तीन आठवडे राहिलेत, तुम्ही चौऱ्याहत्तरचे!" नाटक मी लिहिलंय. मला शहाणपण शिकवू नका.

बुध. १२
ब्रॅम्पटनच्या तालमीहून घरी येताना गाडीत बायको, नलिनी: "जयंता स्पष्ट बोलतो. कान तपासून घ्या तुमचे. अपॉइंटमेंट मी घेते." घरचीच माणसं फितूर. व्हिटबीला घरी पोचेपर्यंत रेडिओ मोठा लावून ठेवला.

रवि. १६
दुसऱ्या अंकात अडलो. नलिनी विंगेत वही घेऊन उभी, तीस वर्षं प्रॉम्प्टिंग तिचंच. काही म्हणेचना. ओरडलो, "झोपलीस का?"
कुणी हसलं नाही. मागून अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तिने तीनदा सांगितलं हो. मला दारापाशी ऐकू आलं."
सगळ्या मिळून कट करतात. नलिनीने वही खुर्चीवर ठेवली, गाडीत जाऊन बसली.

मंगळ. १८
अबोला. दोन इंच बर्फासाठी अख्खा ड्राइव्हवे शोव्हल केला. मग संहिता उघडली. राजाला राणी बजावते, दूत बजावतो, आंधळा म्हातारा बजावतो. लिहिताना मजा वाटली होती. आज फाडून टाकावंसं वाटलं. जयंताचा नंबर काढला, लावला नाही. त्या रडक्याची मनधरणी मी करणार?
नलिनी कालपासून टीव्ही मोठा लावत नाही. मुद्दाम.

गुरु. २०
चार दिवसांनी नलिनी बोलली. सिंकपाशी, पाठमोरी, नळ चालू, शब्द कळेनात. मग वळून बघत राहिली, म्हणजे प्रश्न होता. जयंताला परत बोलवू का? कानाच्या डॉक्टरला फोन करू का? की विमानाने लेकीकडे सरेला निघून जाऊ? पुन्हा सांग म्हणायला जीभ रेटेना.
"हो," म्हणालो.
तिचे डोळे भरले. तिने हात पुसले आणि फोन उचलला.